सरपंचाच्या घरचा चहा

निवृत्त झाल्यापासून शाळा-कॉलेजांत बोलायला बोलावतात. एखादी केस सांगा म्हणतात. मी दरोड्याची एक हकिकत सांगतो, टाळ्या पडतात, हार घेऊन घरी येतो. जी सांगायला हवी होती ती मात्र इतकी वर्षं टाळत आलो. कागदोपत्री त्या प्रकरणात काहीच चुकलेलं नाही. तपास एका दिवसात लागला, निरपराध माणूस सुटला, वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली. तरीही माझ्या नोकरीतलं सगळ्यात वाईट काम कोणतं, असं मी स्वतःला विचारतो तेव्हा तीच दुपार पुढे येते. ज्यांची ही हकिकत आहे ते मिस्त्री मागच्या हिवाळ्यात वारले. नावं कुणाचीच देत नाही.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या होत्या. लोकांना वाटतं, पोलिसांना मतदानाच्या दिवसाची काळजी असते. आम्हाला काळजी असते ती मतमोजणी संपल्यानंतरच्या दुपारची. तहसीलच्या आवारात मी नेहमी दोन वाटा मोकळ्या ठेवायचो. जिंकलेले पुढच्या फाटकातून, हरलेले मागच्या. नव्या शिपायांना सांगायचो, गुलालानं माखलेल्यांकडे बघू नका, कोरड्या कपाळांकडे बघा. हरलेला माणूस जिंकलेल्याच्या अंगावर जाईल, एवढंच मला शिकवलेलं होतं. तो घरी गेल्यावर कुणाच्या अंगावर जातो, हे मला ठाऊक नव्हतं.

ज्या गावाची ही हकिकत, तिथं दोन पॅनल होते. एका पॅनलचे पुढारी वयस्कर, सगळे त्यांना अण्णा म्हणत. दुसऱ्याचा सरपंचपदाचा उमेदवार चाळिशीतला, शेतीत मुरलेला. अण्णांचा पॅनल हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी पडला. अशी हार फार वाईट. मोठ्या फरकानं पडलं की लोक नशिबाला दोष देतात. थोडक्यात पडलं की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि मनात एकच प्रश्न विचारतो, कोण फुटलं?

विजयी मिरवणुकांना बंदी होती. तरी दिवस मावळताना ठाण्यात खबर आली की नव्या सरपंचाच्या शेतातली बनीम पेटली. सोयाबीन कापून, ढीग लावून, ताडपत्रीनं झाकून मळणीपर्यंत ठेवतात, त्याला आमच्याकडे बनीम म्हणतात. मी पोचलो तेव्हा सगळं वर्षाचं पीक लाल होऊन बसलं होतं. अग्निशमनची गाडी तालुक्याहून आली तोवर विझवायला काही उरलं नव्हतं. सरपंच बांधावर उभा होता. कपाळावरचा गुलाल घामानं ओघळलेला. संशय कुणावर, असं विचारलं तर नुसती मान हलवली. त्याच्या माणसांनी मात्र मान हलवली नाही. "पडलेल्यांचंच काम हाय साहेब, दुसरं कोन करंल," असं चारी बाजूंनी ऐकू येत होतं.

तिथंच माझ्या मोबाइलवर फोन आला. नाव सांगितलं नाही. "कसंय का साहेब, दिवस बुडायच्या आधी मोटारवाला मिस्त्री ह्या शेताकडनं सरपंचाच्या घरामागं जाणाऱ्या वाटंनं चाललेला बघितला म्या. इकडं त्याचं काय काम?" एवढं बोलून फोन बंद.

मिस्त्री म्हणजे गावातले पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणारे. बोअरची असो की विहिरीवरची, मोटार जळाली की पंचक्रोशीतले लोक त्यांच्याकडे येत. मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावातले. गाव त्यांना चाचा म्हणत असे. अण्णांच्या पॅनलचं काम त्यांनी मनापासून केलं होतं, प्रचारात त्यांच्या दुकानापुढची बाकडी रिकामी नसायची. मोजणीच्या वेळी तहसीलच्या मागच्या फाटकाजवळ त्यांना मी स्वतः पाहिलं होतं. डोळे लाल होते. म्हणजे हरलेल्या बाजूचा माणूस, दुखावलेला, आणि आगीच्या वेळी शेताच्या वाटेवर दिसलेला. मला एवढं पुरे वाटलं. त्यांचं नाव दुसरं काही असतं तरी एवढंच पुरे वाटलं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर माझ्या बाजूचं येत नाही.

सकाळी दुकानातून त्यांना उचललं, आगीच्या वेळी हे शेताकडे दिसले होते, एवढं जमलेल्यांना सांगितलं. अटक दाखवली नाही, नोटीस दिली नाही. 'चौकशीसाठी बोलावलं' असं म्हणून बसवून ठेवायची एक जुनी सवय आमच्या खात्यात आहे, तीच मी वापरली. माझ्या खोलीत त्यांना जमिनीवर बसवलं. वयानं ते माझ्याहून मोठे असतील, तरी मी अरेतुरे करत होतो.

आग लावली का, असं विचारलं की स्वच्छ नाही म्हणत. त्या वाटेनं गेला होतास का, तर हो म्हणत. कशाला गेला होतास, म्हटलं की गप्प. सराईत माणूस याच्या उलट वागतो. तो गेलोच नाही म्हणतो, आणि गेलो असं मान्य केलं की कारण तयार ठेवतो. हे मला कळत होतं. तरी मी त्यांना एक थोबाडीत दिली. ठाण्याचे जमादार दारात उभे होते, त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

बऱ्याच वेळानं मिस्त्री म्हणाले, "सांगतो. पर हे ह्या खोलीतच ऱ्हाऊ द्या साहेब."

मी म्हटलं, "राहील."

"शब्द द्या."

मी शब्द दिला. पोलीस ठाण्यात असे शब्द रोज दिले जातात.

मग त्यांनी सांगितलं ते असं. मोजणीहून परत आल्यावर त्यांना घास गोड लागेना. त्यांच्या खालच्या गल्लीला पाणी देणारी पंचायतीची मोटार जळून बरेच दिवस झाले होते, निवडणुकीमुळं तिचं काम अडलेलं. गल्ली सगळी अण्णांच्या बाजूची. आता नवा सरपंच मुद्दाम पाणी अडवणार, असं जो तो म्हणत होता. मिस्त्रींना वाटलं, तो अडवायच्या आत आपण जावं. ते मागच्या वाटेनं सरपंचाच्या घरी गेले. निवडून आल्याबद्दल त्याला 'मुबारक हो' म्हणाले. "म्या त्याला म्हणलं, बाबा, माझं मत तुला न्हवतं, फुडंबी नसंल. पर आता तू आमचाबी सरपंच हायस. खालच्या गल्लीची मोटार आन माझ्याकडं, मी भरून देतो, मजुरी नगं. पाण्यावर राग काढू नगंस." सरपंचाच्या आईनं चहा केला. तो घेऊन ते आले तसेच मागच्या वाटेनं परत गेले.

"यात लपवायचं काय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी या मुलखातला नाहीच. "साहेब, आज गावात घराघरात एकच चाललंय, कोन फुटलं. अन् मी काल त्याच्या घरचा चा पिऊन आलोय."

दुपारी मी आणि जमादार सरपंचाकडे गेलो. त्यानं सगळं मान्य केलं. उलट म्हणाला, पडलेल्यांपैकी तेवढे एकटेच आले, मला बरं वाटलं. आम्ही बोलत असताना त्याचा धाकटा भाऊ आतून पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "कसंय का साहेब, आग लावणारा काय कबूल करतोय व्हय?" ते 'कसंय का' ऐकलं आणि मला फोनवरचा आवाज आठवला. त्याला बाजूला घेतलं. पहिल्यांदा हसला, मग घाबरला, मग रडू लागला. मिरवणुकीला बंदी म्हणून त्यानं आणि दोस्तांनी आकाशात उडणारे फटाक्यांचे शॉट शेतात नेऊन उडवले होते. एक शॉट आडवा गेला आणि थेट बनिमीवर. आपल्याच भावाचं पीक आपण जाळलं, हे सांगायची हिंमत झाली नाही. वाटेनं जाताना मिस्त्री दिसले होते, त्यांचं नाव पुढे केलं. बांधाच्या पलीकडे शॉटचं अर्धं जळालेलं खोकंही सापडलं. पंचनामा झाला. तपास संपला.

परत आलो तर ठाण्यापुढे रस्ता अडवलेला होता. अण्णा आणि त्यांची माणसं, बाया, सगळे आले होते. आदल्या दिवशी एकमेकांकडे संशयानं पाहणारे लोक मिस्त्रींसाठी एक झाले होते. घोषणा चालल्या होत्या, दोन्हीकडे गाड्या थांबलेल्या, वरून फोनवर फोन. हार घेऊन आले होते ते. चाचांना खांद्यावर बसवून न्यायचं ठरवूनच.

मी पायऱ्यांवर उभा राहिलो. सांगितलं की आग फटाक्यानं लागली, मिस्त्री निर्दोष आहेत, सोडतो आहे. टाळ्या वाजल्या. इथं थांबलो असतो तर ही हकिकत लिहायची वेळच आली नसती. पण गर्दीतून एकानं विचारलं, "मग सकाळी तर तुमी म्हनत व्हता चाचा शेताकडं दिसले. तिकडं काय करत व्हते?"

मला त्याचा राग आला. एका दिवसात तपास लावला होता, आणि हा मला खोटं पाडू पाहत होता. तपास चालू आहे, सांगता येणार नाही, असं हजार वेळा बोललेलं वाक्य होतं माझ्याकडे. ते वापरलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "सरपंचाच्या घरी चहा प्यायला गेले होते. सरपंचानं तसा जबाब दिलाय. झालं समाधान?"

मिस्त्री माझ्या मागे दारात उभे होते, चपला हातात. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. अण्णांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि वळले. माणसं एकेक करून जीपमध्ये बसू लागली. कुणीतरी जाता जाता म्हणालं, "काय चाचा, साखर बराबर व्हती का?" काही जण हसले. मिस्त्रींनी "ऐका तर" एवढंच म्हटलं. मोटारीचं, पाण्याचं काही त्यांनी सांगितलं असेल तर ते ऐकायला कुणी उभं नव्हतं. रस्ता मोकळा झाला. मला फोनवर शाबासकी मिळाली ती याच वेळी.

मिस्त्रींनी चपला घातल्या. "आत व्हतो तवा मी त्यांचा व्हतो, साहेब," असं म्हणाले आणि पायी निघाले. गाडीनं सोडतो म्हणालो. पोलिसांच्या गाडीतून गावात उतरायचं त्यांना नको होतं, हेही मला नंतर उमगलं.

पुढचं जमादारांकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. खालच्या गल्लीची मोटार मिस्त्रींनी भरून दिली, पाणी आलं. ते कुणामुळं आलं, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्या बाजूचे लोक आपल्या मोटारी भरायला चाकूरला न्यायला लागले. जिंकलेल्या बाजूचे येत, पण ते आले की दुकानापुढून जाणारे थुंकत. थोडक्यात झालेल्या त्या पराभवाला गावाला एक माणूस हवा होता, आणि मी तो जाहीर सभेत नेमून दिला होता. लग्नाचं बोलावणं बंद झालं. बायको आजारी पडली तेव्हा जीप मिळायला अडचण आली. पुढच्या वर्षी दुकानाचं शटर ओढून ते नांदेडला मुलीकडे गेले.

आपली बाजू पडली तर मतदारानं काय करावं, यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. गावापासून दिल्लीपर्यंत सगळीकडेच पडणारे असतात. मी काही विद्वान नाही. मोजणीवर शंका असेल तर अर्ज करावा, कोर्टात जावं, त्याची वाट कायद्यात आहे. एक दिवस जेवण गेलं नाही तरी हरकत नाही. पण त्यानंतर निवडून आलेल्याच्या दारात जावं आणि माझं मत तुला नव्हतं हे तोंडावर सांगून आपलं पाणी मागावं. ग्रामसभेत उभं राहून त्याला जाब विचारण्याचा हक्क तिथूनच सुरू होतो. मिस्त्रींनी हे केलं. मी सगळी नोकरी बंदोबस्तात घालवली, पण दुसऱ्या कुणाला असं करताना पाहिलं नाही. त्यांचं चुकलं असेल तर इतकंच की ते मागच्या वाटेनं गेले. पुढच्या वाटेनं जायला जागा त्यांना ना जिंकलेल्यांनी ठेवली होती ना हरलेल्यांनी. आणि जो हे करू धजला, त्याला मी चोरासारखा उघडा पाडला.

निवृत्तीनंतर जमादारांकडून पत्ता घेऊन मी लातूरहून नांदेडच्या बसमध्ये बसलो. अहमदपूर, लोहा, सगळ्या रस्त्यानं एकच वाक्य घोकत होतो: मिस्त्री, मी शब्द मोडला, मला माफ करा. देगलूर नाक्याच्या पुढे एका गल्लीत दुकान सापडलं. दोन गिऱ्हाईकं बसली होती. मिस्त्री तांब्याची तार गुंडाळत होते. मला पाहून उठले, स्टूल पुसलं. गिऱ्हाइकांना म्हणाले, "ह्या साहेबांनी मला सोडिवलं व्हतं. आगीच्या केसात. एका दिसात."

ती माणसं माझ्याकडे आदरानं पाहू लागली. मी मिस्त्रींच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सगळं आयुष्य माणसांचे चेहरे वाचण्यात गेलं, पण तो चेहरा मला वाचता आला नाही. मी तब्येतीचं विचारलं. त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी एकच गोष्ट विचारली, औंदा गावात कोण आलं. अण्णांचा पॅनल निवडून आल्याचं मी सांगितलं. चेहरा उजळला.

"आपलं आलं म्हना की," ते म्हणाले.

मी चहा संपवला आणि येतो म्हणालो. मला पोचवायला ते रस्त्यापर्यंत आले. रिक्षा लवकर मिळेना. तिथं आम्ही दोघंच होतो, ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. मिस्त्री माझ्याकडे बघत थांबले होते, बराच वेळ. मी म्हणालो, "ऊन फार आहे, तुम्ही आत जा."