व्याज वाढलं त्या दिवशीचे भाव

ओल्या बोंबलांचा वास आला की मला नवीन पनवेलचे काका आठवतात. सातवीत शाळा सुटलेली मी, परभणीहून इतक्या लांब येऊन त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. काका निवृत्त प्राध्यापक, नजर अधू झालेली. व्याजदर बदलला की बँकांचे शेअर किती हलतात, ते वर्षानुवर्षं वहीत मांडत होते. पेपरातले बारीक आकडे वाचायला त्यांनीच मला शिकवलं. मग भाव मीच वाचायचे आणि मीच लिहायचे. एकदा व्याजदर वाढला. दुसऱ्या दिवशी नेमकं भावांचं पान मी बोंबील साफ करताना खाली अंथरलं आणि घाणीबरोबर टाकून दिलं. लक्षात आलं तेव्हा कचऱ्याची गाडी गेली होती. आता काम जाईल अशी भीती वाटली. दर वाढला की बँका पडतात असं काका नेहमी म्हणायचे, म्हणून मी सगळ्याच बँका थोड्या थोड्या पाडून भाव सांगितले आणि लिहिलेही. काका एकदम खूश, लगेच मित्राला फोन. "सगळ्या पडल्या बघ, मी म्हणत नव्हतो?" पलीकडून मित्र काहीतरी बोलला, तसा काकांचा आवाज चढला. "दोन वाढल्या? चष्मा बदल लेका! आमच्या ताई वाचतात, त्या चुकत नाहीत." मी तिथेच उभी होते. आज कुठलाही पेपर मी न अडखळता वाचते, ते त्यांच्यामुळेच. पण तेव्हा "काका, थांबा" एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही, आणि ते वारले तेव्हाही वहीत ते भाव माझ्याच अक्षरात होते.