शमशेर आतार आणि गारओढ्याचं पाणी

शमशेर आतारांचा बाप कराडच्या आसपासच्या बाजारांत सुरमा आणि अत्तर विकायचा. खांद्याला लाकडी पेटी अडकवून त्यानं जन्म काढला. मुलगा चौथी पास होऊन पुढं सरकारी नोकरीत चिकटला, तेव्हा म्हातारा म्हणाला, "बरं झालं. तुझा खांदा तरी सुटला." पण नोकरी होती साताऱ्याच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी शमशेरच्या हातात एक लाकडी पेटी दिली. आत खणाखणांतून बाटल्या, दोन औषधांच्या कुप्या, थर्मामीटर आणि दोरी. नदीवर, ओढ्यावर, विहिरीवर जायचं, पाणी भरायचं आणि एसटीनं परत यायचं. तेवीस वर्षं ते हेच करत होते. ऑफिसात आणि गावोगाव त्यांना सगळे शमशेरभाई म्हणत.

चौऱ्याहत्तर साली त्यांच्या फेरीत गारओढा आला. ओढा कोयनेच्या बाजूच्या डोंगरात उगम पावून कारळवाडीच्या पायाशी उतरायचा. गर्द झाडीतनं आल्यामुळं पाणी उन्हाळ्यातसुद्धा गार. वाडीच्या वर मैलभरावर दोन वर्षांपूर्वी हिरड्याचा अर्क काढायचा कारखाना निघाला होता. तो अर्क कातडी कमवायला लागतो. वाडीतली माणसं रानातला हिरडा वेचून वाळवायची आणि कारखान्यात नेऊन घालायची. पूर्वी हिरड्याला व्यापारी कधी यायचा, कधी यायचा नाही. आता दारातच गिऱ्हाईक झालं होतं, म्हणून वाडी कारखान्यावर खूश होती.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी शमशेरभाई कराडहून सकाळची गाडी धरायचे. डांबरी रस्त्यावर उतरलं की वाडीपर्यंत दोन मैलांची चढण. तेव्हा त्यांचं वय चोपन्न होतं आणि उजवा गुडघा धरायला लागला होता. ओढ्यात उतरायचं, थर्मामीटर बुडवायचा, आकडा लिहायचा. मग काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून, आत एक बुडबुडाही राहणार नाही अशी भरायची. दोन्ही कुप्यांतले थेंब सोडायचे, बूच लावून बाटली खालीवर करायची. पाण्यात हवा विरघळलेली असेल तर तपकिरी गाळ बसतो. नसेल तर गाळ पांढरा. बाकीचं सगळं प्रयोगशाळेत, पण एवढं काठावरच कळायचं.

गारओढ्याचा गाळ दर वेळी चांगला तपकिरी बसायचा. कारखान्याचे मॅनेजर लालासाहेब स्वतः खाली यायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "भाई, आमचं पाणी म्हंजे तीर्थ हाय बघा."

पंच्याहत्तरच्या जानेवारीत शमशेरभाई पेटी आवरत होते, तेव्हा काठावरची एक बाई त्यांच्याजवळ आली. अंबूबाई तिचं नाव. नवरा वारलेला, एक म्हैस, ओढ्याला लागून घर. पन्नाशीची असेल.

"आवं भाई, तुमी मंगळवारीच का येता?" तिनं विचारलं.

"तसं ठरल्यालं हाय. का?"

"मंगळवारी पानी चांगलं असतंय म्हनून इचारलं. आदल्या दिसापास्नं वरनं काळं पानी यायचं बंद हुतं. तुमी गेलासा की बुधवारी परत चालू."

शमशेरभाईंनी पेटी खाली ठेवली. अंबूबाई घरात गेली आणि लोखंडी कढई घेऊन आली. कढई आतून निळीकाळी झाली होती, शाई सांडल्यासारखी.

"ह्यात पानी तापवलं की असं हुतंय. भात बी काळा. म्हस तोंड लावत न्हाई. खेकडं तर सगळं बाहीर निघून दगडावर मेलं. वाडीत बोलले, तर गप बस म्हनत्यात. हिरडा कोन घील?"

शमशेरभाई परत येताना गाडीत त्या कढईचाच विचार करत होते. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आजीनं तशी शाई घरी केलेली त्यांनी पाहिली होती. म्हणजे इतके महिने ते जे पाणी भरून आणत होते, ते फक्त मंगळवारचं पाणी होतं.

प्रयोगशाळेत विजयमाला माने नावाची नवी केमिस्ट आली होती. सांगलीची, पंचवीसेक वर्षांची, नोकरीला जेमतेम सहा महिने झालेले. शमशेरभाईंनी तिला सगळं सांगितलं. तिनं मागच्या वर्षाचे आकडे काढून बघितले.

"शमशेरभाई, इतक्या गार पाण्यात हवा जास्त मावते. ओढा निरोगी असता तर आकडा याहून वर हवा होता. म्हणजे मंगळवारीही तो पुरता सावरलेला नसतो," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण तारखांचा कार्यक्रम आपल्याच ऑफिसातून कारखान्याला जातो. आठ दिवस आधी."

"मग बाई, आपन तपासतो काय?"



फेब्रुवारीत शमशेरभाईंनी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती. बायको हुसेनबी म्हणाली, "गुडघ्याला शेक घ्यायचा सोडून रजेच्या दिवशीबी पेटी?" ते नुसतं हसले आणि शुक्रवारी सकाळी कारळवाडीला गेले.

पाणी लांबूनच दिसलं. काढ्याच्या रंगाचं, कडेला फेस धरलेलं. वास आंबलेल्या सालीसारखा. उथळ डबक्यात बोटभर लांबीचे मासे पोट वर करून पडले होते. त्यांनी दोन-चार दगड उलटून बघितले. एरवी दगडाखाली वळवळणारे किडे असायचे, आता नुसता बुळबुळीत थर होता. त्यांनी बाटली भरली, थेंब सोडले, खालीवर केली आणि मांडीवर धरून बसले. बाटलीतलं पाणी काळसर होतं, तरी तळाशी बसत गेलेला गाळ नीट दिसत होता. पांढरा.

अंबूबाई काठावर उभी होती. "काय म्हनती बाटली?"

"मेलंय पानी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विजयमालानं त्या बाटल्या तपासल्या आणि आकडे साहेबांपुढं ठेवले. साहेबांनी आधी आकडे बघितले नाहीत. शमशेरभाईंना बोलावलं.

"कुणाच्या हुकमानं गेला होतात?"

"कुणाच्या न्हाई साहेब. रजा हुती."

"सरकारी बाटल्या, सरकारी औषधं आणि रजा? कारखान्याला नोटीस नाही, त्यांच्या माणसासमोर नमुना घेतलेला नाही, सील नाही, पंचाची सही नाही. कोर्टात हे पाणी म्हणजे गटारातलं पाणी. उद्या मलाच विचारतील." साहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते, बदलीची वाट बघत होते. "बाई, तुम्ही यांना पाठवलंत का?"

विजयमाला तोंड उघडणार तोच शमशेरभाई म्हणाले, "बाईंना कायबी ठावं न्हवतं. माज्या मनानं गेलो."

त्यांना मेमो मिळाला. एक वेतनवाढ वर्षभर रोखली गेली. बाटल्यांतलं पाणी त्यांनीच मोरीत ओतलं आणि बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या. विजयमाला दाराशी उभी राहून बघत होती. "माझ्या वहीत आकडे आहेत," ती हळूच म्हणाली. शमशेरभाईंनी मान हलवली. आकड्यांनी काय होणार होतं, हे त्यांना तेव्हा काही कळत नव्हतं.

ती मात्र मागे लागली. वर्षभर तिनं पत्रांवर पत्रं लिहिली. शहात्तरच्या फेब्रुवारीत अचानक तपासणीचा हुकूम निघाला. आणीबाणीचे दिवस होते, वरच्या लोकांना कामं झालेली दाखवायची होती. साहेबांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "नीट करा. परत मला तोंडघशी पाडू नका."

गुरुवारी दोघं जीपनं गेले. लालासाहेबांच्या हातात नोटीस दिली, तसा त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. कारखान्याच्या नाल्याचं पाणी जिथं ओढ्याला मिळत होतं तिथं नमुना घेतला, त्याचे दोन भाग केले, लाख तापवून सील केलं. लालासाहेबांनी सही करायला नकार दिला. मग निदान गावच्या पंचाची तरी सही हवी होती.

वाडीतली पंधरावीस माणसं गोळा झाली होती. शमशेरभाईंनी एकेकाकडं कागद धरला. कुणी म्हणालं चष्मा नाही, कुणी म्हणालं सरपंचांना विचारतो, कुणी नुसतंच मागं सरकलं. सगळ्यांच्या घरात वाळलेला हिरडा पोत्यात भरून ठेवलेला होता. ते बघून शमशेरभाईंनी कागद खाली घेतला. त्यांना त्या माणसांचा राग आला नाही.

"आना हिकडं," अंबूबाई म्हणाली. "मला सही येत न्हाई. आंगठा चालंल का?"

"चालतो," विजयमाला म्हणाली.

शमशेरभाईंनी हळू आवाजात सांगितलं, "अंबूबाई, इचार कर. तुजाबी हिरडा हाय."

"हाय की. म्हसबी हाय," ती म्हणाली आणि शाईच्या पॅडवर अंगठा दाबला.

तो नमुना कायद्यानं पक्का होता आणि त्यात हवा शून्य होती. पण त्यावर सुनावणी लागायला चौदा महिने गेले. मधल्या काळात कारखान्याच्या काट्यावर अंबूबाईचा हिरडा घेणं बंद झालं. ओला आहे, किडका आहे, असं काहीबाही सांगून पोतं परत पाठवायचे. तिचा दीर बाळासो आपल्या नावावर तिचा माल घालायला बघायचा, तर त्यालाही अडवलं. शमशेरभाईंना हे मंगळवारच्या फेरीत कळलं. त्या दिवशी त्यांनी नमुना भरला, पण अंबूबाईच्या दारावरनं जाताना त्यांची मान वर झाली नाही. तिनंच हाक मारली आणि ताक दिलं.

सुनावणीत कारखान्यानं कबूल केलं की पाणी मुरवायला खड्डे खणू. खड्डे खणले. पहिल्या पावसात ते भरून वाहिले आणि सगळं ओढ्यातच आलं. परत पत्र, परत पाहणी. एवढ्यात विजयमालाची बदली नागपूरला झाली. निघताना ती शमशेरभाईंना म्हणाली, "मी अर्धवट सोडून चालले."

"बाई, आमी तर कुटलंच पुरं केल्यालं न्हाई," ते म्हणाले. "बाटली भरायची, आनून द्यायची. पुढचं आपल्या हातात कवा हुतं?" हे बोलताना त्यांचा सूर कडवट नव्हता. दमलेल्या माणसाचा होता.

सत्याहत्तर सरता सरता कारळवाडीला नळ आला. कारखान्याच्या वरच्या अंगाच्या झऱ्यावरनं लोखंडी पाइप आणून वाडीच्या तोंडाशी एक टाकी बांधली. तिला दोन तोट्या. पाणी स्वच्छ आणि गार. ऑफिसात फाईलवर शेरा पडला: गावास पर्यायी पाणीपुरवठा उपलब्ध, प्रकरण निकाली. गारओढ्याचं नाव फेरीच्या यादीतून काढलं गेलं. शेरा शमशेरभाईंनी नव्या कारकुनाकडून फाईल मागून घेऊन वाचला. दोनदा.

वाडीला ते कळवायचं काम कुणाचंच नव्हतं. अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये, निवृत्तीला तीन महिने असताना, कोयनानगरचे नमुने भरून परतताना शमशेरभाई मध्येच उतरले आणि ती चढण चढले. आता पेटी घेऊन चढताना चार ठिकाणी बसावं लागलं.

अंबूबाई टाकीवर कळशी भरत होती. खाली ओढा तसाच काळा वाहत होता. काठावर कुणी नव्हतं. म्हैस तिनं गेल्या दिवाळीत विकली होती, कारण म्हशीला लागणारं पाणी डोक्यावरून वाहणं तिला जमत नव्हतं.

"बसा भाई," ती म्हणाली. "लय दमलासा."

त्यांनी सगळं सांगितलं. फाईल मिटली, आता इथं कुणी पाणी भरायला येणार नाही, कारखान्याला दंड झाला नाही.

तिनं कळशी खाली ठेवली. "मग माज्या आंगठ्याचं काय झालं?"

शमशेरभाईंना खोटं बोलता आलं असतं. नळ तुझ्या अंगठ्यामुळंच आला, असं म्हणता आलं असतं, आणि कदाचित ते खरंही होतं. पण त्यांना ते नक्की माहीत नव्हतं, आणि नक्की माहीत नसलेलं आकड्यात कधी लिहायचं नाही, ही सवय त्यांना इतक्या वर्षांत लागली होती.

"कागदावर हाय," ते म्हणाले. "फाईलीत. सातारला, कपाटात."

"व्हय?" तिनं पदरानं कळशीचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "सरपंचाची न्हाई नव्हं त्या कागदावर सही?"

"न्हाई. तुजाच आंगठा हाय निस्ता."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडी ऐट आली होती, पण ती फार टिकली नाही. तिनं कळशी कमरेवर घेतली आणि वाटेला लागली. शमशेरभाई दोन तोट्यांपैकी एकीखाली ओंजळ धरून पाणी प्यायले. संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्काम करावा लागला असता, म्हणून ते लगेच उठले. उताराला गुडघा जास्त दुखतो. ते पेटी एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर घेत, सावकाश डांबरी रस्त्याकडं उतरत गेले.