बोटीवरचा भात

"चालेल."

काका एवढंच म्हणायचे, आणि म्हणताना अंगठा तर्जनीवरून फिरवायचे. जणू बोटांत एखादा सुटा भाग धरून त्याची कड तपासताहेत. चहा चालेल. नवा पंखा चालेल. मुलगा बोर्डात आला तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "चालेल." तुम्ही पुण्यात राहत असाल तर यात तुम्हाला काही वावगं वाटणार नाही. आपल्याकडे 'वाईट नाही' ही शाबासकीच असते. पण काकांची पट्टी आपल्याहूनही आखूड होती.

कोथरूडला ते आमच्या समोरच्या दारात राहायचे. चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची नोकरी झाली. कामगारांनी बनवलेले भाग मोजून बघायचे, पास करायचे, नाहीतर परत पाठवायचे. नव्वदनंतर परदेशी यंत्रं आली. ती माल बनवता बनवता स्वतःच तपासायलाही लागली, आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. कारखाना सुटला, पण खातं काही सुटलं नाही.

मी एकदा विचारलं, "काका, आयुष्यात कुणाच्या कामाला कधी 'उत्तम' म्हणालात का हो?"

"उत्तम म्हटलं की माणूस ढिला पडतो," ते म्हणाले. "पुढचा लॉट बिघडतो."

काकूंचा स्वयंपाक मी खाल्लेला आहे. त्यांच्या चिंचगुळाच्या आमटीची वाटी आमच्याकडे आली की माझी मुलगी दुसरं काही खायची नाही. मी पेशाने हिशेबतपासनीस, आकडा काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. रोज दोन वेळा, बेचाळीस वर्षं, त्यातून माहेरपणं आणि आजारपणं वजा केली तरी काकूंनी काकांना अठ्ठावीस हजार वेळा वाढलं असेल. या सगळ्याला मिळून शब्द एकच.

काकू ते हसण्यावारी न्यायच्या. एका दिवाळीत त्यांनी मसालेभातात बेदाणे घातले. काकांनी एकेक बेदाणा वेचून ताटाच्या कडेला ओळीने मांडला आणि म्हणाले, "भातात गोड नको." काकू आम्हाला ताट दाखवायला घेऊन आल्या. "बघा, रिजेक्ट माल!"

मुलगा तोवर अमेरिकेत स्थिरावला होता. त्याने आईवडिलांना सिंगापूरच्या बोटीची सहल भेट दिली. 'क्रूझ' हा शब्द तेव्हा आमच्या इमारतीत नवाच होता. काकू शेवटपर्यंत 'बोट'च म्हणत राहिल्या. त्यांना सोबत हवी म्हणून मी आणि माझ्या बायकोनेही त्याच सहलीत नाव घातलं.

काकू कधी विमानात बसल्या नव्हत्या, पण त्यांना काळजी विमानाची नव्हती. "ह्यांचं पोट नाजूक. परक्या हातचं सोसत नाही. तिथे चार दिवस खाणार काय?" त्यांनी मेतकूट घेतलं, दशम्या घेतल्या, भाजलेल्या मुगाच्या खिचडीच्या पुड्या बांधल्या आणि पाणी उकळायची छोटी विजेची शेगडी साड्यांच्या घडीत लपवली. बोटीवर चढताना यंत्रातून बॅग गेली आणि शेगडी पकडली गेली. काकू त्या गणवेशातल्या चिनी बाईला मराठीत समजावत होत्या, "अहो, आग नाही लागत हिने. ह्यांच्यापुरता भात करायचाय फक्त." बाई हसत हसत शेगडी घेऊन गेली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. काका पुढे जाऊन झुंबर बघत उभे होते.

संध्याकाळी आम्ही जेवायला गेलो. टेबलांवर मांडलेल्या पदार्थांची रांग आमच्या इमारतीपेक्षा लांब होती. काकूंनी काकांना खुर्चीत बसवलं. "तुम्ही हलू नका. मी साधं काहीतरी शोधून आणते." कुठे कुठे विचारत त्यांनी पांढरा भात मिळवला, दुसऱ्या टोकाहून दही मिळवलं, पदराआडून मेतकुटाची पुडी काढून त्यावर पसरली, आणि बशी दोन्ही हातांत धरून परत आल्या.

काका जेवत होते. स्वतः उठून त्यांनी ताट भरून आणलं होतं. त्यात पिवळा भात होता आणि भातात अननसाच्या फोडी होत्या. ते एकही फोड बाजूला काढत नव्हते.

"अहो," काकू म्हणाल्या, "त्यात अननस आहे."

"हो ना! काय कल्पना आहे बघ." तेवढ्यात वाढपी आला आणि सगळं ठीक आहे ना, असं त्याने इंग्रजीत विचारलं. काका चक्क उभे राहिले. "एक्सलंट! व्हेरी एक्सलंट! कुणी केलाय हा भात? त्यांना बोलवा." आतून पांढरी उंच टोपी घातलेला आचारी आला. काकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "उत्कृष्ट. असा भात मी जन्मात खाल्ला नाही."

मी काकूंकडे बघायचं टाळलं. माझ्या बायकोने बघितलं. ती म्हणते, काकूंनी हातातली बशी हळूच टेबलावर ठेवली आणि तो दहीभात स्वतः खाल्ला.

पुढचे सगळे दिवस हेच. काकांना पाव आवडला, सूप आवडलं, साय घातलेली थंड फळं आवडली. पोटाने एकदाही तक्रार केली नाही. सहलीतले लोक म्हणायला लागले, "काका किती खुलले हो!" खुलले होते हे खरं. मला वाटतं, त्या आचाऱ्याचा पुढचा लॉट बिघडेल अशी भीती त्यांना नव्हती. त्याच्याकडचं पुन्हा जेवायचंच नव्हतं.

शेवटच्या सकाळी काकू वरच्या मजल्यावर कठड्याशी उभ्या होत्या. चौफेर पाणी. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कसा वाटला समुद्र, काकू?"

"मोठा आहे."

मग त्याच म्हणाल्या, "मला इतकी वर्षं वाटायचं, ह्यांच्या जिभेला चवच नाही. मग माझं काही म्हणणं नव्हतं. नसते एखाद्याला. पण जीभ आहे हो."

पुण्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी काकूंनी कर्वेनगरच्या एका पोळीभाजी केंद्रातून डबा लावला. आमचं दार उघडंच होतं, त्यामुळे संवाद मी ऐकला.

"हे काय?"

"डबा."

"तुला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? तुम्हाला कुणाच्याही हातचं सोसतं, ते कळलं. मग मीच कशाला?"

काका हसले. त्यांना वाटलं, दोन-चार दिवसांचा रुसवा असेल. डब्यातली भाजी खाऊन ते म्हणालेसुद्धा, "चालेल."

तिथेच ते चुकले, असं माझी बायको म्हणते. माझं म्हणणं, चूक बोटीवरच पूर्ण झाली होती.

काकूंनी स्वयंपाक सोडला नाही. घरचा सोडला. आमच्या वरच्या मजल्यावर चार मुली भाड्याने राहायला आल्या होत्या, अमरावती-यवतमाळकडच्या, हिंजवडीला कंपनीत जाणाऱ्या. त्यांना वरणाला फोडणी देता येत नव्हती. काकू रविवारी वर जाऊन त्यांना शिकवू लागल्या. "काकू, कसलं भारी झालंय! काकू, तुम्ही हॉटेल काढा!" असा आरडाओरडा जिन्यापर्यंत यायचा. उतरताना काकूंचा चेहरा उजळलेला असायचा. आपल्या दाराशी आल्या की तो पुन्हा जागच्या जागी.

अशाच एका रविवारी काका गॅलरीत पेपर धरून बसले होते. वरून वास येत होता.

"मसालेभात आहे वाटतं आज," ते म्हणाले.

"जा ना वर," मी म्हणालो. "मुली आनंदाने वाढतील."

"बोलावलेलं नाही."

"मग घरी मागा. एकदा म्हणा, तुझ्या हातचं पाहिजे."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे इतकी वर्षं मी काय उपाशी बसलो होतो? ताटात कधी एक शीत टाकलं का मी? हिला दिसलं नाही ते?" मग आवाज उतरला. "अहो, तो परका माणूस होता. परक्याशी गोड बोलतोच की आपण. घरच्या माणसाला काय सांगायचं असतं?"

तुम्ही म्हणाल, माणूस कोरडा होता. तसंही सांगता येत नाही. दर रविवारी काकूंची विळी काढून तिला धार लावायची, हे काम त्यांनी लग्नापासून कधी चुकवलं नव्हतं. घरात चिरायला काही उरलं नाही, तरीही ते विळी काढायचे, धार लावायचे, अंगठ्याने तपासायचे आणि ओट्याखाली ठेवून द्यायचे. काकू बघायच्या. त्यांनी कधी काही म्हटलं नाही. म्हणजे हिशेब दोन्हीकडून सारखाच होता.

माझ्या बायकोने काकूंना एकदा छेडलंही. "करून घाला ना एकदा आमटी. किती ताणायचं?"

"मागितली तर आत्ता करते," काकू म्हणाल्या. "न मागता पुष्कळ दिली."

काकांनी मागितली नाही. पाच वर्षं डबा खाल्ला आणि एका दुपारी झोपेतच गेले.

मुलगा अमेरिकेहून आला. दहाव्याला आम्ही दहा-बारा पुरुष ओंकारेश्वराच्या घाटावर गेलो. पिंड ठेवले. कावळे भरपूर होते, पण एकही खाली येईना. कावळा शिवला नाही की गेलेल्याच्या मनात काहीतरी राहिलंय, असं आपण मानतो. मुलाने हात जोडून वचनं दिली. आईला सांभाळीन. फ्लॅट विकणार नाही. कावळे कठड्यावरून बघत राहिले.

"त्यांच्या आवडीचं काही ठेवा," गुरुजी म्हणाले. "येतो मग."

मुलाने भजी आणवली. मग जिलबी. कुणी चहाचा कप ठेवला. ऊन चढलं. मुलगा माझ्याकडे वळला. "काका, बाबांना नक्की काय आवडायचं हो?"

"आईलाच विचार," मी म्हणालो. मग त्याने घरी फोन लावला. घाटावर गलका होता म्हणून आवाज मोठा करून फोन मध्ये धरला.

"आई, कावळा शिवत नाहीये. बाबांना खायला काय आवडायचं? पटकन सांग, कुणाला तरी आणायला पाठवतो."

"एकच आवडलेलं मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "ते बोटीवर मिळतं."

मुलाला काही कळलं नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, त्यांना पुढे दुसऱ्यांचं काम होतं. त्यांनी दर्भाच्या चार काड्या वळून, गाठ मारून कावळा केला आणि पिंडाला टेकवला.