अकरा महिने, रोज सकाळी नऊ वाजता

सरहद्दीच्या नाक्यावर एक खोली आहे आणि त्या खोलीत एक हिरवा फोन. त्याला आकडेच नाहीत. उचलला की नदीपलीकडच्या नाक्यावर, दुसऱ्या देशात, तसाच फोन वाजतो. गेली बावीस वर्षं तो उचलणाऱ्या बाईंना सगळे फोनवाल्या मावशी म्हणतात. तार शाबूत आहे की नाही हे रोज सकाळी नऊला तपासायचं, असा नियम आहे. मावशी विचारतात, "आवाज येतोय का?" पलीकडची बाई म्हणते, "येतोय." झालं. दोन्ही काठांची बोली एकच, त्यामुळे दुभाष्या लागत नाही.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मावशींनी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए.ला नाव घातलं. नवरा शिंपी. तो म्हणाला, "त्यात घरातले तहही शिकवतात का बघ." पण शनिवार-रविवारचा स्वयंपाक त्यानेच अंगावर घेतला, कारण वर्ग दोन तासांच्या अंतरावर आणि तेही फक्त शनिवार-रविवारी. वर्गातली बाकीची मुलं तेवीस-चोवीसची. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद ही सगळी नावं सुरुवातीला मावशींच्या डोक्यावरून गेली, मग हळूहळू गोडी लागली. देश एकमेकांशी कसे वागतात हे ते एकमेकांना काय समजतात यावर ठरतं, हे रचनावाद्यांचं म्हणणं वाचून तर त्या भर बसमध्ये मोठ्याने म्हणाल्या, "हे मला माहीत होतं."

त्यांचे मार्गदर्शक सर मात्र पक्के वास्तववादी. देश म्हणजे बंद पेट्या, आत कोण बसलंय याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, हे त्यांचं लाडकं वाक्य. दहा वर्षांपूर्वी या दोन देशांचं बिनसलं आणि अकरा महिने दोघांनी सगळा संवाद तोडला, त्या काळावर सरांचं एक गाजलेलं पुस्तक होतं. त्यात ठणकावून लिहिलं होतं की त्या अकरा महिन्यांत दोन देशांमध्ये एका शब्दाचाही संपर्क नव्हता.

ते वाचून मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संवाद तोडण्याचा हुकूम आला होता खरा, पण तार तपासणं थांबवा असा हुकूम कोणी काढलाच नव्हता. तपासणी म्हणजे यंत्राचं काम, तो काही संवाद नव्हे, असं दोन्हीकडच्या साहेबांनी धरून चाललं. म्हणून अकरा महिने रोज नऊला तीच दोन वाक्यं. सातव्या महिन्यात एका सकाळी पलीकडची म्हणाली, "येतोय. पाणीही येतंय. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत." आणि फोन बंद. मावशी अनवाणी पळत सुटल्या. खालच्या वस्तीतली तेहतीस घरं कशीबशी रिकामी झाली. दुपारी तिथे नुसती छपरं दिसत होती.

मावशींच्या प्रबंधातली चौदा पानं याच गोष्टीवर होती. संबंध सुधारल्यापासून दोघी तपासणीनंतर चार शब्द बोलायच्या, तेव्हा त्यांनी पलीकडे विचारून घेतलं होतं. "लिहा, ताई," ती म्हणाली होती. "नाव तेवढं घालू नका. नाहीतरी या महिन्यात मी निवृत्तच होतेय."

सरांनी चौदाही पानांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. "हा किस्सा आहे. पुरावा कुठाय?"

"सर, मी तिथे होते."

"आठवण म्हणजे पुरावा नव्हे. तपासणीची वही आणा."

"पाच वर्षांनी जुन्या वह्या फाडतात, सर. सरकारी नियम आहे."

"मग ही पानं काढा. मी लगेच सही करतो."

सहीशिवाय प्रबंध दाखल होत नाही, आणि नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती. तीन वर्षांचे शनिवार-रविवार त्या एका सहीवर लटकले होते. मावशी आठवडाभर मूग गिळून बसल्या. त्याची त्यांना अजून लाज वाटते.

मग सर स्वतःच अभ्याससहलीला वर्ग घेऊन नाक्यावर आले. आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस एकदाचा खाली उतरला, असं मावशींना वाटलं. पण कसलं काय. मावशी गणवेशात खुर्चीवर, बारा मुलं भिंतीला टेकून, आणि सरांनी खुशाल हिरव्या फोनवर तळहात ठेवला. "हे यंत्र अकरा महिने मुकं होतं."

वर्गातल्या चष्मेवाल्या मुलीने विचारलं, "मावशी, तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"याच खुर्चीत."

सर हसले. "मावशींची नोकरी इथली आहे. विषय आपला आहे."

नऊ वाजले. मावशींनी सरांचा हात फोनवरून उचलून बाजूला ठेवला आणि स्पीकरचं बटण दाबलं.

"आवाज येतोय का?"

"येतोय."

माणसं समोर असली की एवढ्यावरच फोन ठेवायचा असतो. मावशींनी ठेवला नाही. "ताई, त्या अकरा महिन्यांत येत होता का?"

पलीकडून आवाज आला, "एक दिवस चुकला नाही. पाण्याचं सांगितलं ते मागे उभ्या साहेबांनी ऐकलं होतं, म्हणून माझी बढती कायमची थांबवली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कधी बोलले नाही. शिक्षेचा कागद आहे माझ्याकडे, 'परदेशाशी अनधिकृत संपर्क' असं लिहिलेला, शिक्का मारलेला. हवा तर पाठवते."

मावशींना रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. त्या सरांकडे वळल्या. "सर, ज्या संपर्काची तिने शिक्षा भोगली, तो नव्हताच असं मी लिहू?"

सरांनी घड्याळ पाहिलं. "परक्या देशाचा कागद आपण धरत नाही. चला, बस थांबलीय." चष्मेवाली मुलगी तेवढी दारात रेंगाळली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मावशी विद्यापीठाच्या खिडकीवर उभ्या राहिल्या. प्रबंधात चौदा पानं होती, पंधरावा तो शिक्क्याचा कागद होता, आणि मार्गदर्शकाच्या सहीची जागा कोरी होती. कारकुनाने पानं चाळली आणि गठ्ठा परत सरकवला. "सहीशिवाय घेता येत नाही, बाई."

"घेऊ नका," मावशी म्हणाल्या. "पण का घेतला नाही ते लिहून द्या. खाली शिक्का मारा."