नंदीच्या अंगावरच्या रेघा

दरजा भरून, पुसून मी दोन पावलं मागं सरलो, तर भिंतीवरचा नंदी गायब.

नळदुर्गात एका लिंगायत अडत्याच्या घरी काम चाललं होतं. गाव त्यांना अप्पा म्हणायचं. निजामाचं राज्य, त्यात लढाईचे दिवस. सिमेंटची मारामार, रंगीत टाइल्सचं तर नावच नको. म्हणून फुटक्या चिनी बश्यांचे तुकडे चुन्यात बसवून ओसरीच्या भिंतीवर नंदी करायचं मी कबूल केलं होतं. मोझॅक मी हैदराबादच्या बंगल्यांवर शिकलेला, त्यामुळं अंगात थोडी मस्तीही होती.

तुकड्यांमधल्या फटींना आम्ही दरजा म्हणतो. हल्लीची पोरं त्यात भरतात त्याला ग्राउट म्हणतात. इथं बश्या पांढऱ्या आणि दरजेतला चुनाही पांढरा. वशिंड कुठं, पाय कुठं, काही कळेना. पिठाचं पोतं भिंतीला टेकवल्यासारखं दिसत होतं. अप्पांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. व्याही यायच्या आत नंदी दिसला नाही तर सगळं उकरून टाकू, असं ते शांतपणे म्हणाले. तसं झालं असतं तर नळदुर्गात मला पुन्हा कुणी थापी धरू दिली नसती. मी चांगलाच घाबरलो.

मग डोक्यात आलं, दरज म्हणजे रेघच की. चित्र तिनंच काढायचं. चुना ओला होता तोवर दरजा खरवडल्या. वशिंड आणि पायांच्या कडेनं रुंद केल्या, तोंडापाशी बारीक ठेवल्या. नवीन रंगाची सॅम्पलं आधी फरशीच्या तुकड्यांवर केली. पहिलं सुरखीचं, म्हणजे विटांच्या पुडीचं. त्या लाल रेघांत नंदी रक्तबंबाळ दिसला असता. घरातल्या बायकांनी तोंडं फिरवली. दुसरं काजळीचं. ते फक्कड जमलं, पण अप्पा कानडीत नको नको म्हणत मान हलवायला लागले.

"बेड, बेड. काळं नको, मिस्तरी. लग्नाचं घर हाय."

"मग राख चालंल का, अप्पा?"

"कशाची?"

"गोवरीची."

"तिला राख कोण म्हणतं? ते भस्म." त्यांनी कपाळावरच्या पट्ट्यांकडं बोट नेलं. "नंदीला भस्म न्हाय चालायचं, तर कुणाला?"

पूजेचं भस्म त्या घरातच करत. चांगलं जळालेलं पांढरं भस्म कपाळाला, आणि अर्धवट जळालेलं काळपट टोपल्यात पडून. मी ते टोपलंच उचललं. चुन्यात कालवायला लागलो, तर अप्पा शेजारी उभे. रंग फिकट वाटला की म्हणायचे, अजून घाला. मी घालत गेलो. दरजा भरून वाळल्या आणि नंदी भिंतीतून उठून बाहेर आला. मला राहवलं नाही. काजळीचं सॅम्पल मी शेजारी धरलं.

"अप्पा, दोन्हीचा रंग एकच झालाय बघा."

त्यांनी दोन्हीकडं नीट बघितलं. "एक कसा? ते काळं हाय. हे भस्म हाय."

व्याही आले. विहीणबाईंनी पाय धुवायच्या आधी नंदीला हात जोडले. अप्पांनी मला व्याह्यांच्या पंगतीत बसवलं, आणि त्या लग्नातच मला पुढची दोन घरं मिळाली.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला रंग कुठला हवा, असं विचारत नाही. कशाचा हवा, ते विचारतो.