निकालाआधीचे पंधरा दिवस

शाळेतले किस्से म्हटलं की लोक मुलांचेच किस्से मागतात. ते तर वर्षभर घडतात आणि आपण विसरूनही जातो. एप्रिलमधले किस्से मात्र आम्हा शिक्षकांचे असतात, आणि ते काही केल्या विसरले जात नाहीत. चार जुनी माणसं चहाला जमली, की एकातून दुसरा निघत राहतो.

हे सगळे एकाच एप्रिलमधले. पाऊस न झाल्याचं ते दुसरं वर्ष. खेड्यांतली घरंच्या घरं शहरात, आमच्या शाळेजवळच्या मुकुंदवाडीकडं राहायला येत होती. आमच्या एकेका वर्गात पासष्ट मुलं झाली होती, शिक्षक मात्र पूर्वीइतकेच. परीक्षा संपली, तसे टेबलावर पेपरांचे गठ्ठे आले. "पंधरा दिवसांत निकाल," मुख्याध्यापिका चौधरी बाई म्हणाल्या. 'जमेल का' असं विचारायची त्यांना सवय नव्हती.

*

गणिताचे शेख सर रोज खुलताबादहून एस.टी.नं यायचे. वेळ पुरेना म्हणून ते बसमध्येच पेपर तपासायला लागले. एकदा शेजारचे म्हातारबाबा बराच वेळ पेपरात डोकावत होते. शेवटी म्हणाले, "सर, वाढवा की चार मार्क. लई नेटानं लिवलंय!"

"ओळखता का पोरीला?"

"नाय. अक्षर बघा ना!"

सर चिडले. जागा बदलून बसले.

"मग, दिले का मार्क?" आम्ही विचारलं.

सर मान खाली घालून म्हणाले, "दिले नाहीत. पण राहवेना, मार्क परत मोजले. बेरीज मेरीच गलत निकली. चारच मार्कांनी!"

*

त्याच आठवड्यात वरून पत्र आलं. शिक्षकांचा ताण कमी करण्यासाठी अर्ध्या दिवसाचं शिबिर! अर्धा दिवस जाणार म्हणून सगळ्यांचा ताण वाढला.

शिबिराच्या मॅडम फार गोड बोलायच्या. "डोळे मिटा. श्वास हळूहळू सोडा. आता कल्पना करा, तुमच्या अगदी जवळून पाणी वाहतंय..."

खोली शांत झाली. तेव्हा आठ दिवसांनी एकदा नळ यायचा. चित्रकलेच्या बाई डोळे मिटलेल्या तशाच पुटपुटल्या, "अगं बाई! आज आमच्याकडं पाणी!"

चार जणींनी डोळे उघडले आणि पर्स उचलल्या. मॅडमही थांबल्या. "तुम्ही राहता कुठं?" त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"म्हणजे आमच्याकडंही आजच!"

शिबिर तिथंच संपलं.

*

आमचे देवकाते सर धनगराघरचे. भाऊ अजून मेंढरं राखायचा. सरांच्या वर्गातली एक मुलगी शेवटच्या पेपराला आली नाही. चारा नाही म्हणून घरचे मेंढरं घेऊन निघाले होते. सरांनी प्रश्नपत्रिका खिशात घातली आणि मोटरसायकलवर शोधत निघाले. लासूर स्टेशनच्या पुढं, भर उन्हात, कळप सापडला.

मुलीच्या आईनं एकच विचारलं, "किती वेळ लागंल?"

"दोन तास."

आईनं इकडंतिकडं पाहिलं. खायला हिरवी काडी नव्हती तिथं. मग तिनं नवऱ्याला हाक मारली, "ओ, थांबवा मेंढरं. पोरीचा पेपर हाय."

दोन तास सगळा कळप तसाच उभा राहिला. हे सांगताना देवकाते सर मधेच थांबले, आणि पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत.

*

माझंही काही वेगळं नव्हतं. मी मराठी शिकवायचे. एका सकाळी गठ्ठा संपवून उठले, तर फ्रिजवर यांची चिठ्ठी. 'उद्या पाणी येणार. ड्रम धूवून ठेव.' माझ्या हातात लाल पेन होतं. मी 'धूवून'भोवती गोल केला, वर 'धुऊन' लिहिलं आणि शाळेत गेले. माझं मला कळलंही नाही.

संध्याकाळी पाहिलं, तर खाली यांनी सुवाच्य अक्षरात पाच वेळा लिहून ठेवलं होतं. धुऊन, धुऊन, धुऊन, धुऊन, धुऊन.

मी हसायला गेले आणि रडायलाच लागले.

*

निकालाच्या आदल्या दिवशी माझ्या हातून मोठी चूक झाली. पासष्ट नावांचा तक्ता भरताना सतराव्या ओळीपासून मार्क एकेक ओळ खाली सरकले. एकाचे दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला. चार वाजता तक्ता चौधरी बाईंच्या टेबलावर हवा होता आणि तीन वाजले होते.

मी पेन ठेवलं आणि उठले. व्हरांड्याच्या टोकाला जुन्या नकाशांची खोली होती. तिथं कुणी फिरकत नसे. पाच मिनिटं रडून घ्यावं, तोंड पुसावं आणि परत यावं, एवढंच डोक्यात होतं.

दार ढकललं. आत स्टुलावर चौधरी बाई बसल्या होत्या. तोंड भिंतीकडं, चष्मा मांडीवर, पदर डोळ्यांना.

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"कोण?"

"मी, शिंदे."

"दार ओढून घ्या, शिंदे बाई. माझी पाच मिनिटं राहिलीत. मग तुम्ही बसा."

मी दार ओढलं आणि बाहेर उभी राहिले. तेवढ्यात शेख सर व्हरांड्यातून भराभर येताना दिसले. हातात रुमाल होता. त्यांनी बंद दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्यामागं भिंतीला टेकून उभे राहिले.

थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "बाई, आपके बाद मैं."