रिकाम्या डब्यातली शांतता

रेडिओ केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, एक खोली आहे. आत बुटांचे सात जोड आहेत आणि त्यातला एकही पायात घालण्याच्या लायकीचा नाही. वाळूचा ट्रे, सायकलचा पंप, बिजागरीला मुद्दाम कधीच तेल न घातलेलं दार, मक्याच्या पिठाची पिशवी. ही पिशवी दाबली की बर्फात चालल्याचा आवाज येतो. या खोलीची किल्ली एकतीस वर्षं ज्यांच्या खिशात आहे, त्यांना केंद्रात सगळे खुडबुडकाका म्हणतात. रेडिओवरच्या नाटकांना लागणारे आवाज ते हातांनी करतात.

घरी मात्र ते इतके गप्प असतात की बायको वैतागते. "निदान चहाचा भुरका तरी मारा," ती म्हणते. "घरात माणूस आहे हे कळू दे."

गेल्या वर्षी केंद्रात नवे अधिकारी आले. त्यांच्या संगणकात चाळीस हजार आवाज तयार होते. त्यांनी खोलीतल्या वस्तूंची यादी केली, वर 'भंगार' असं लिहिलं आणि काकांना सांगितलं, "सोमवारी किल्ली जमा करा. तुमची बदली पत्रव्यवहार विभागात." निवृत्तीला चार वर्षं होती. चार वर्षं लखोटे फोडायचे.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, एक विनोदी नाटक थेट प्रक्षेपित होणार होतं. ते लिहिलं होतं निवृत्त विज्ञान शिक्षिकेनं. केंद्रात त्या नुसत्या बाई. नाटकातला अंतराळवीर वाट चुकतो, पण रस्ता विचारणं त्याच्या स्वभावात नाही. मध्येच तो नियंत्रण कक्षाला नुसती हाक मारतो, तर उत्तर येतं, 'आपण रांगेत सतरावे आहात.' अख्ख्या अवकाशात तो एकटाच असतो.

संहितेत दोन ठिकाणी शांतता होती. यानाबाहेर त्याचा दोर सुटतो, तेव्हा वीस सेकंद. आणि अगदी शेवटी, हवा संपत आलेली असताना तो एकदाचा रस्ता विचारतो, तेव्हा तीस सेकंद.

तालमीला काका घरून स्टीलचा रिकामा डबा घेऊन आले. "बाई, शांतता मी करतो."

"अवकाशात आवाज नसतो, काका. मी आयुष्यभर हेच शिकवलं."

"बाहेर नसेल हो. पण हा गडी शिरस्त्राणाच्या आत आहे ना? त्याला स्वतःचा श्वास तर ऐकू येणारच."

बाई विचारात पडल्या. अधिकारी मात्र हसले. "शांततेला माणूस कशाला हवा? संगणकात ती फुकट मिळते." बाकीचेही हसले. काकाही हसले, रीत म्हणून. त्यांच्या वाट्याला यानाच्या दाराचा आवाज तेवढा आला, तोही या एका दिवसापुरता.

रविवारी पहिली शांतता सुरू झाली. संगणकानं ती कोरी करकरीत दिली. दहाव्या सेकंदाला, प्रक्षेपण ऐकवणाऱ्या हेडफोनमधून बासरी वाजू लागली. प्रक्षेपण बंद पडलं तर आपोआप संगीत लावणारं एक यंत्र टेकडीवरच्या मनोऱ्यात आहे. दहा सेकंद काहीच आलं नाही की ते जागं होतं. तालमी त्या यंत्रातून जात नाहीत, आणि इतक्या वर्षांत कोणत्याही नाटकात कोणी दहा सेकंद गप्प बसलं नव्हतं. त्यामुळे ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

अंतराळवीर झालेला नट मुरलेला होता. "नियंत्रण कक्ष," तो म्हणाला, "मी हरवलोय हे मान्य. पण इथे बासरी कोण वाजवतंय?" आवाज मिळताच यंत्र गप्प झालं.

काचेपलीकडे बाईंचा चेहरा उतरला होता. "एकदा हसण्यावारी गेलं. शेवटी वाजली तर माझं नाटक मेलं."

अधिकाऱ्यांनी मनोऱ्यात फोन लावला, कोणी उचलेना. "शेवटची शांतता गाळू," ते म्हणाले.

"मग तो उत्तराची वाट कधी बघणार?"

अधिकाऱ्यांनी काचेतून स्टुडिओत पाहिलं. काका दाराशेजारी बसले होते. डबा मांडीवर होता. अधिकाऱ्यांनी बोटानं त्यांना माइककडे जायची खूण केली.

शेवटचं पान आलं. "रस्ता सांगता का कोणी?" नट म्हणाला. काकांनी डब्याचं तोंड माइकशी नेलं आणि आत श्वास सोडला. सावकाश. मग दुसरा, थोडा आखूड. डब्याच्या बुडावर अंगठा फिरत होता. त्याची बारीक गुणगुण मागे राहिली. विसाव्या सेकंदाला श्वास अडखळला, आणि काचेपलीकडे बाईंनी नकळत स्वतःचा रोखून धरला. यंत्र गप्पच होतं.

तिसाव्या सेकंदाला अंतराळवीराच्या बायकोचा आवाज आला. "आत्ता विचारलंत होय? या आता. चंद्राच्या डावीकडून वळा म्हणून निघतानाच सांगितलं होतं."

सोमवारी काका किल्ली पाकिटात घालून अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले. यादी टेबलावरच होती.

"तो डबा यात दिसत नाही."

"घरचा आहे, साहेब."

अधिकाऱ्यांनी यादी बाजूला सारली. "श्रोत्यांना तो अंतराळवीर आवडलाय. बाईंना आणखी बारा भाग लिहायला सांगितलंय. तो घरी पोहोचेपर्यंत खोली असू द्या. तुम्हीही."

काका पाकीट खिशात घालून बाहेर पडले. व्हरांड्यात बाई भेटल्या.

"बाई, त्याला सरळ रस्त्यानं आणू नका."

"छे! पुढच्या भागात शनीच्या कड्यांत अडकवतेय."

"कडी कशाची असतात?"

"बर्फ आणि दगडगोटे."

काकांनी खोली उघडली आणि ते मक्याच्या पिठाची पिशवी शोधायला लागले.